शहागंजचा हौद आणि दीर्घव्याधीचा संसार

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शहागंज पेठेविषयी खाफीखान या इतिहासकाराने आपल्या 'मुन्तखब-उल-लुबाब' या ग्रंथात जी नोंद करून ठेवली आहे, तीत ना लढाई आहे, ना दरबार. तीत एक हौद आहे. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने या पेठेत एक विस्तीर्ण जलाशय बांधावयास घेतला. पुढे इवजखानाने तेथील इमारती आणि मशीद वाढविली. तथापि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पडली म्हणजे रहिवाशांचे हाल ज्या जलाशयामुळे हलके होतात, त्याचा मूळ योजक हुसेन अलीच होय, असा त्या नोंदीचा आशय आहे. १७१८ साली बाळाजी विश्वनाथाशी चौथाई-सरदेशमुखीचा करार करणारा सुभेदार तो हाच. त्या कराराची चर्चा आपल्या इतिहासग्रंथांत विस्ताराने होत आली. हौदाची मात्र फारशी झाली नाही.

या लहानशा नोंदीचे मोल मला वाटते ते एका निराळ्या कारणासाठी. ज्या माणसाला एखादा रोग चार दिवसांपुरता नव्हे, तर जन्मभरासाठी जडतो, त्याचे जगणे एखाद्या नामांकित वैद्याच्या एका अचूक मात्रेवर अवलंबून राहत नाही. रोजचे पाणी, रोजचे अन्न, पायांपुरती मोकळी वाट आणि औषध निश्चित मिळेल असे जवळचे ठिकाण, या चार गोष्टींचा बंदोबस्त ज्या वस्तीत आहे, तेथे तो संसार करतो, व्यापार करतो, नातवंडांची लग्ने पाहतो. आणि जेथे तो नाही, तेथे उत्तम वैद्य असूनही लवकर खचतो. मधुमेह हा अशा दीर्घव्याधींत प्रमुख. शहागंजच्या तीनशे वर्षांकडे या व्याधीच्या बाजूने पाहिले, तर शहराचा एक असा इतिहास हाती लागतो, की जो तख्तांच्या आणि तहांच्या इतिहासाइतकाच खरा आहे.

या नगराचा पाया प्रथमपासूनच पाण्याच्या हिशोबावर घातला गेला. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली आणि उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे पाणी भूमिगत नळांवाटे गावात खेळविले. पाणी केवळ उताराने वाहावे, मध्येच कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि दाबाने ते वर चढावे, म्हणून ठिकठिकाणी उंच बंबे उभारलेली ही रचना 'नहर-ए-अंबरी' म्हणून प्रसिद्ध आहे. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि गावाला त्याचे नाव मिळाले. १६८२ मध्ये भोवती तट उभा राहिला. १७२० च्या सुमारास शहागंजची मशीद पुरी झाली आणि तिच्या सभोवती दुकाने, धान्याचे व्यापारी आणि मुशाफिर यांची वर्दळ वाढली. याच शतकात, १७४४ च्या सुमारास, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आकाराला आली. तेथे पाण्याच्या जोराने जाते फिरे आणि फकीर-मुशाफिरांच्या अन्नासाठी पीठ दळले जाई. कोणाच्या कृपेची किंवा लहरीची वाट न पाहता रोज चालणारी ती सोय होती, आणि नित्य सोयीचा हा गुण आजच्या आपल्या विषयाशी अत्यंत निकटचा आहे.

मधुमेही माणसाचे पाण्याशी असलेले नाते इतरांहून वेगळे असते. रक्तातील साखर एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे मूत्रपिंडांना ती अडविता येत नाही. ती मूत्रावाटे बाहेर पडते आणि जाताना शरीरातील पाणी आपल्याबरोबर ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, म्हणून घशाला कोरड, म्हणून रात्रीत चार-पाच वेळा उठणे आणि सकाळी उठल्यावर सर्वांग गळून गेल्यासारखे वाटणे. ज्या गावात चैत्र-वैशाखात आड कोरडे पडतात, तेथे हा रोग दुप्पट छळतो. दिवसभर पेठेत बसून भाजी विकणाऱ्या बाईला तर पाणी मिळाले तरी ते पिण्याची भीती वाटते, कारण लघवीला जाण्याची जागा जवळ नसते. हुसेन अलीने हौद बांधला तो काही मधुमेहाच्या रोग्यांसाठी नव्हे. पण पेठेतल्या सर्वांसाठी बांधलेल्या पाण्यात सर्वांत अधिक तृषार्त मनुष्याचाही वाटा असतोच, आणि लोकोपयोगी कामांची खरी थोरवी यातच आहे.

हा रोग आपल्या वैद्यकाला पुरातन काळापासून परिचित होता. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे, म्हणजे मूत्राशी निगडित विकारांच्या एका वर्गाचे, वीस प्रकार सांगितले. त्यांतले कफज दहा साध्य, पित्तज सहा याप्य आणि वातज चार असाध्य ठरविले, आणि मधुमेहाची गणना या शेवटच्या चारांत केली. सुश्रुताने आणखी एक मार्मिक भेद केला: जन्मतःच रोग घेऊन आलेला रोगी कृश असतो आणि अपथ्याने रोग ओढवून घेतलेला रोगी बहुधा स्थूल. स्थूलाला व्यायाम आणि लंघन सांगावे, कृशाचे मात्र सदैव रक्षण करावे, ही त्याची आज्ञा आधुनिक वैद्यकालाही पटण्यासारखी आहे. परंतु माझे मन अधिक रेंगाळते ते याप्य या वर्गापाशी. जो रोग निर्मूल होत नाही, पण उपचार चालू असेतो आवरलेला राहतो आणि उपचार सुटताच उसळतो, तो याप्य. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट बसविलेल्या टेकूने उभे ठेवावे, तसे वैद्याने अशा रोग्याला उभे ठेवावयाचे असते, असा दृष्टांत सुश्रुताने दिला आहे. रोगी बरा झाला की मेला, या दोनच शक्यतांचा विचार करणाऱ्या लौकिक बुद्धीला ही तिसरी शक्यता सहसा सुचत नाही. बरे न होताही चांगले जगता येते, हे त्या प्राचीन वर्गीकरणाने मान्य केले आणि वैद्याच्या कर्तव्याची मर्यादा रोग्याच्या आयुष्याइतकी लांबविली.

सुश्रुताची चिकित्सा वाचताना आणखी एका गोष्टीने मन वेधले जाते. धनवानाने ऐश्वर्य सोडून सावे आणि देवभात अशा वन्य धान्यांवर व फळांवर राहावे. निर्धन व निराधार माणसाने छत्री आणि पायताण टाकून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने चालावे. आणखी कोणी गाईंमागे हिंडावे, कोणी विहीर खणावी. रोग्याच्या श्रमातून गावाला पाणी मिळावे, असे औषध सांगणारा वैद्य व्याधीकडे केवळ देहाचा दोष म्हणून पाहत नव्हता. तो रोग्याला समाजाच्या कामी लावून त्याचे जगणे सावरीत होता.

दक्षिणेत या परंपरेची गाठ यूनानी वैद्यकाशी पडली आणि दोन्ही एकाच गल्लीत नांदू लागली. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याने पंधराव्या शतकात बीदर येथे दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय, स्थापून तेथे हिंदू व मुसलमान असे दोन्ही वैद्य नेमले, अशी नोंद फिरिश्त्याने केली आहे. आणि हा इतिहासकार फिरिश्ता स्वतःच हिंदुस्थानी वैद्यकावर फारसी ग्रंथ लिहिणारा होता. यूनानी हकीम मधुमेहाला जयाबीतस म्हणत आणि इब्न सीनाच्या परंपरेला अनुसरून त्याची गणना मूत्रपिंडाच्या विकारांत करीत. आसफजाही, म्हणजे निजामांच्या, अंमलात यूनानी विद्येला सरकारचा आश्रय राहिला. शहागंजसारख्या जुन्या पेठांतून हकिमाने नुस्खा लिहून द्यावा आणि तो घेऊन रोग्याने अत्ताराच्या, म्हणजे औषधी विकणाऱ्याच्या, दुकानी जावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. जांभळाच्या बियांची पूड, मेथी, गुडमार, कारल्याचा रस, विजयसाराच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी, या गोष्टी वैद्याच्या आणि हकिमाच्या पोथ्यांपेक्षाही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अधिक राहिल्या. त्यांनी कित्येक प्रौढ रोग्यांना पथ्याची शिस्त लावली हे मान्य केले पाहिजे, आणि त्यांच्या बळावर ज्या बालकाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही ते वाचले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तशा बालकाला भूक अनावर लागे, तहान शमत नसे, अंग झिजत जाई, आणि थोड्याच काळात घर रिकामे होई. घरच्या मंडळींना रोगाचे नावही पुष्कळदा कळत नसे.

हे चित्र पालटले ते कॅनडातील टोरांटो येथे. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या, मरणाच्या दारी असलेल्या मुलाला ते टोचण्यात आले. शोधकांनी त्याचे स्वामित्व टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. इन्सुलिनने मधुमेह नाहीसा केला नाही. सुश्रुताच्या भाषेत सांगावयाचे, तर असाध्याच्या यादीतून काढून त्याला याप्याच्या यादीत आणले. वैद्यकाच्या इतिहासातली ही एक फार मोठी घटना आहे. परंतु तिच्याबरोबरच रोग्यावर आणि समाजावर एक नवीन जबाबदारी येऊन पडली. मरण पुढे ढकलले गेले आणि त्याच्या जागी रोजचे काम आले.

ते काम किती कष्टाचे होते, याची कल्पना आजच्या पिढीला सहज यावयाची नाही. काचेची पिचकारी आणि जाड सुया रोज पाण्यात उकळाव्या लागत. सुईचे टोक बोथटले म्हणजे दगडावर घासून घ्यावे लागे. रक्तातील साखर घरी मोजण्याचे साधन नव्हते. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकावयाचे, स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरावयाची आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर समाधान. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी, अशी चिंतेची चढती श्रेणी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात इन्सुलिनची कुपी टिकविण्यासाठी शीतपेटी ज्यांच्या घरी नव्हती, ते ती पाझरणाऱ्या मातीच्या मडक्यात ठेवीत. आजही अनेक खेड्यांत आणि गरिबांच्या घरी हाच उपाय चालतो, आणि वैद्यांनीही तो मान्य केला आहे. मडके ओले ठेवावयाचे तर घरात पाणी हवे. नहर आणि हौद बांधणाऱ्यांना ज्याची कल्पनाही असणे शक्य नव्हते, अशा एका औषधाचा जीव अखेर त्याच पाण्यावर येऊन ठेपला.

या रोजच्या कामाचे ओझे वाहत एखाद्याने किती मोठे कार्य करावे, याचे उदाहरण याच नगराच्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आयुष्याच्या उत्तरार्धात मधुमेहाने ग्रासले होते. रक्तदाब होता, मज्जातंतूंच्या विकाराने पायांत असह्य वेदना होत आणि रात्रीच्या रात्री झोपेवाचून जात. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात उपचार घेत असताना त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढे इन्सुलिन, आहार आणि विश्रांती यांची व्यवस्था पाहण्याचे काम डॉ. सविता आंबेडकर म्हणून त्यांनी केले. राज्यघटनेच्या मसुद्याचे काम याच वर्षांत चालू होते. १० ऑगस्ट १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना पाठविलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपल्या प्रकृतीचा उल्लेख करून, उपचारासाठी स्वतःला डॉक्टरांच्या स्वाधीन करण्यापूर्वी हिंदू कोड बिलाचे काम पुरे व्हावे, अशी तळमळ व्यक्त केली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ सप्टेंबर १९५१ रोजी, औरंगाबादेत जुन्या तटाबाहेरच्या माळावर त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. व्याधी त्यांना सोडून गेली नाही आणि त्यांनीही काम सोडले नाही. ज्यांच्या मनात दीर्घव्याधी आणि निष्क्रियता या एकच गोष्टी आहेत, त्यांनी या तारखा पुन्हा एकदा वाचाव्यात. त्याचबरोबर हेही ध्यानी घ्यावे, की एवढ्या थोर पुरुषालाही घरात जाणता आधार लागला. केवळ मनोबलावर मधुमेह आवरत नाही.

ज्यांच्या घरी असा आधार नव्हता, त्यांच्यासाठी संस्था हवी होती. निजामी राजवटीत मराठवाड्यातील रोग्याला मोठ्या उपचारासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. रेल्वेचे भाडे, तेथला मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा हिशोब करता गरिबाला ती वाट बंदच होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लोक त्याच्या रुग्णालयाला 'घाटी' म्हणतात आणि जालना, बीड, परभणीपासून माणसे अंथरूण-पांघरूण बांधून 'घाटीत दाखवायला' येतात. याच सुमारास जगात मधुमेहावरील गोळ्या आल्या: १९५६ मध्ये टोल्बुटामाइड, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ज्याचा उपयोग दाखवून दिला ते मेटफॉर्मिन, जे आजही बहुसंख्य रोग्यांच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत असते. इन्सुलिनच्या सुईवाचून चालू शकेल असा फार मोठा वर्ग यामुळे निर्माण झाला आणि मधुमेह हा रोज सकाळी-संध्याकाळी जेवणाच्या ताटाशी बसलेला पाहुणा झाला.

तोवर हा रोग सुखवस्तूंचा समजला जात असे. गादीवर बसणारा, तूप-साखर खाणारा, पालखीतून जाणारा, अशांच्या मागे तो लागतो, ही समजूत सर्वत्र होती, आणि एका काळापुरती ती बहुतांशी खरीही असेल. आज ती खरी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींवर आणि त्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटींवर सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून असे दिसले, की तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बालकाचे ३.५ किलो; पण या हलक्या बालकाच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने मेद टिकून राहिलेला. आईच्या पोषणातील उणीव अशा रीतीने गर्भातच शरीराचा पिंड घडविते, आणि तेच मूल पुढे शहरात येऊन चार घास अधिक खाऊ लागले, की मधुमेहाला वाट मोकळी होते. दुष्काळांमागून दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याला या संशोधनाचा अर्थ विशेष गांभीर्याने घ्यावा लागेल. शहागंजात हातगाडी लावणारा, ओझी उचलणारा, शिवणयंत्रावर बसणारा कारागीर आज मधुमेही निघतो, त्यामागे त्याचा चैनी स्वभाव शोधणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याचा दिवस कसा जातो, हे पाहिले पाहिजे. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती पहाटेपासून रहदारी सुरू होते. 'रोज चाला' हे डॉक्टरांचे सांगणे त्याला पटते, पण पायवाट दुकानांनी आणि वाहनांनी व्यापलेली असते. रमजानात संध्याकाळी ही पेठ उजळून निघते, आणि दिवसभराच्या रोजानंतर समोर आलेल्या खजूर, शरबत आणि तळणीतून त्याला काय निवडावे हे ठरवावे लागते. आजाऱ्याला रोजातून सूट कुराणानेच दिली आहे; तरीही ज्याचे मन ऐकत नाही, त्याने महिनाभर आधीच गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात आणि साखर एकाएकी उतरल्याची चिन्हे, म्हणजे घाम, कापरे, घाबरेपणा, दिसताच रोजा सोडावा, हे त्याला कोणीतरी सांगावयास हवे. शेजारच्या राजाबाजारात संस्थान गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या एकादशीच्या उपवासकरी बाईलाही साबुदाणा आणि बटाटा हे उपवासाचे असले तरी पथ्याचे नव्हेत, हे तितक्याच मायेने सांगावे लागते. देवळात आणि मशिदीत दोघेही अनवाणी जातात. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर तापलेल्या फरशीचा चटका वा रुतलेला खडा कळत नाही. फोड येतो, तो चिघळतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा पाऊल गमवावे लागते. सुश्रुताने पायताण टाकून चालावयास सांगितले, आजचे वैद्यक संवेदना गेलेल्या पावलाने घरातही अनवाणी फिरू नये म्हणते. परंपरेचा आदर करीत असतानाच तिच्यापुढे एक पाऊल जाणे म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण आहे. चालण्याचा उपदेश ठेवावा आणि पायताण घालावे.

एवढे सारे एका रोग्याने एकट्याने सांभाळावे, ही अपेक्षा शहाण्या समाजाने करू नये. अठराव्या शतकातील एका सुभेदाराला, ज्याची कारकीर्द अल्प आणि राजकीय धामधुमीची होती, एवढे कळले होते, की उन्हाळ्यातील हाल रोज होतात म्हणून त्यांचा उपायही रोज उपलब्ध असला पाहिजे. ज्या शहराने नहर खेळविली, हौद बांधला, पाण्यावर जाते फिरविले आणि वैद्यकीय महाविद्यालय उभे केले, त्याला पुढची पायरी अवघड नाही. शहागंजच्या परिसरातील दवाखान्यात इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन वर्षाचे बारा महिने असावे. रक्तातील साखर आणि पायांची संवेदना दर तिमाहीस मोफत तपासली जावी. नळाला पाणी दिवसाआड नव्हे, रोज यावे. पेठेत बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असावे आणि पहाटे तासभर निर्धास्त चालता येईल एवढी वाट मोकळी राहावी. टेकू काढून घेतला तर घर पडते, हे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. तो टेकू धरण्याचे काम वैद्याबरोबर नगरपालांचे, शेजाऱ्यांचे आणि घरच्या माणसांचेही आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा रोगी असेल, त्यांनी आज त्याच्या औषधाची वेळ विचारावी आणि त्याची पावले एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत.